डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

लहान मुलाला आपली तक्रार मांडता येत नाही. त्याच्या वतीने निर्णय घेणारे पालकच त्याच्या हिताकडे डोळेझाक करू लागले, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला आणि त्याचे उत्तर कायद्यातून व सेवेतून शोधले, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे नाव भारतीय समाजसुधारकांमध्ये आदराने घेतले जाते.

मुथुलक्ष्मी यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी आजच्या तामिळनाडूतील पुदुकोट्टई येथे झाला. त्यांचे वडील नारायणस्वामी अय्यर हे शिक्षणक्षेत्रात होते, तर आई चंद्रम्माळ या देवदासी समाजातून आलेल्या होत्या. त्या काळी मुलींनी उच्च शिक्षण घेणे समाजाला मान्य नव्हते. तेथील महाविद्यालय केवळ मुलांसाठी होते. परंतु संस्थानच्या राजांनी विरोध बाजूला सारून मुथुलक्ष्मींना प्रवेश दिला. १९०७ साली त्या मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९१२ साली पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. १९१४ साली त्यांचा विवाह डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी झाला.

महाराष्ट्रात मुरळी आणि जोगतीण या प्रथा होत्या, तशीच दक्षिणेत देवदासी प्रथा होती. कोवळ्या वयातील मुलीच्या गळ्यात पोट्टु, म्हणजे देवाच्या नावाचे मंगळसूत्र, बांधले जाई. त्यानंतर तिला विवाह करता येत नसे आणि अनेकींचे पुढील आयुष्य शोषणात जाई. मुलीला देवाला वाहणारे तिचे स्वतःचेच नातलग असत आणि तिला स्वीकारणारे देवस्थान असे. या दोघांनाही ते योग्यच वाटे. मुलीचे हित पाहणारा तिसरा कोणी तेथे नसे. आईच्या समाजाचे हे दुःख मुथुलक्ष्मींनी जवळून जाणले होते. म्हणूनच हा तिसरा पक्ष कायद्याचा असावा, असे त्यांना वाटले.

ही संधी लवकरच आली. त्यांची मद्रास प्रांताच्या विधान परिषदेवर नियुक्ती झाली. ब्रिटिश भारतातील विधिमंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य होत. परिषदेने त्यांची उपाध्यक्षपदी एकमताने निवड केली. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांनी देवदासी प्रथा बंद करण्याची शिफारस करणारा ठराव मांडला. धर्मात हस्तक्षेप होत असल्याची टीका त्यांच्यावर झाली, तरीही ठराव संमत झाला. १९२९ च्या कायद्याने इनाम जमिनीच्या मोबदल्यात मंदिरात सेवा करण्याच्या बंधनातून देवदासींची सुटका झाली. मुली वाहण्यावर संपूर्ण बंदी घालणारा कायदा मात्र मद्रास प्रांतात १९४७ साली झाला. महात्मा गांधींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी १९३० साली परिषदेचा राजीनामा दिला होता. पण हे कार्य त्यांनी सोडले नाही.

त्याच सुमारास या समाजातील काही मुली आश्रयासाठी मद्रासमध्ये आल्या. त्या काळी वसतिगृहेही जातीनुसार विभागलेली होती. ब्राह्मण मुलींच्या वसतिगृहात त्यांना जागा मिळाली नाही आणि ब्राह्मणेतर मुलींच्या वसतिगृहानेही दार उघडले नाही. केवळ कायदा करून मुलीच्या डोक्यावर छप्पर येत नाही, हे मुथुलक्ष्मींच्या ध्यानी आले. त्यांनी मुलींना आपल्याच घरी ठेवून घेतले. यातूनच ‘अव्वै होम’ ही संस्था उभी राहिली. प्राचीन तमिळ कवयित्री अव्वैयार यांच्यावरून तिचे नाव ठेवले गेले. पुढे ही संस्था शहराच्या अड्यार भागात स्थिरावली. अनाथ आणि निराधार मुलींना तेथे निवाऱ्याबरोबर शिक्षणही मिळू लागले.

१९५४ साली त्या राज्य समाजकल्याण सल्लागार मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना साहाय्य करणे आणि त्यांच्या कार्याची पाहणी करणे ही अशा मंडळांची कामे होती. त्याच वर्षी अड्यार येथे त्यांच्या प्रयत्नांतून कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्यांच्या धाकट्या बहिणीचा याच रोगाने मृत्यू झाला होता. १९५६ साली त्यांना ‘पद्मभूषण’ प्रदान करण्यात आले. २२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांना आश्रय देणाऱ्या संस्थेवरही कोणाची तरी नजर हवी, हे तत्त्व आता कायद्याने मान्य केले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. बालकल्याण समितीने महिन्यातून किमान दोन वेळा निवासी संस्थांना भेट देऊन पाहणी करावी, अशीही त्यात तरतूद आहे. तरीही दुर्लक्ष होत राहिले. तामिळनाडूतील अनाथालयांमधील मुलांच्या शोषणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०१७ मध्ये न्यायालयाने देशातील सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला.

कायदा, आश्रय आणि देखरेख या तिन्हींची सांगड घातली, तरच निराधार मूल सुरक्षित राहते. मुथुलक्ष्मींनी विधिमंडळात मुलींची बाजू मांडली आणि घरी त्यांना आईची माया दिली. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बोलले पाहिजे, ही शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते.