डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस : परमुलखातील पहिले दिवस

पोटासाठी गाव सोडणे हे आपल्या मंडळ्यांतील तरुणांस नवीन नाही. कोणी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात जातो, कोणी पुण्यामुंबईस, तर कोणी समुद्रापलीकडे. उपदेशक बंधूंसही आज्ञा होताच अनोळखी गावी बिऱ्हाड हलवावे लागते. अशा सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून सोलापूरच्याच एका सुपुत्राचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सादर करीत आहोत.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईस वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते पुढील परीक्षेच्या तयारीत होते. इतक्यात, १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. जखमींचे हाल होऊ लागले, तेव्हा चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी त्याकरिता देशात निधी गोळा केला. पाच डॉक्टरांचे एक पथक निवडण्यात आले. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी यांच्यासह आपले कोटणीस होते. त्या वेळी त्यांस अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि १७ तारखेस कँटन बंदरी उतरले. चिनी लोकसत्तेचे संस्थापक सन यत्सेन यांच्या पत्नी स्वतः त्यांच्या स्वागतास आल्या होत्या. परंतु स्वागताचे हार सुकण्यापूर्वीच कसोटीस आरंभ झाला. पथक हॅन्को येथे पोहोचले, तो जपानी विमाने बॉम्ब टाकीत होती. ऑक्टोबर संपण्यापूर्वी कँटन व हॅन्को ही दोन्ही शहरे शत्रूच्या हाती गेली. यांगत्से नदीच्या मार्गाने मागे हटत हे डॉक्टर चुंगकिंगला आले. भाषा कळत नव्हती, अन्न निराळे, थंडी निराळी. आणि जेथे आपली खरी गरज, त्या उत्तरेकडील रणभूमीस जाण्यासाठी वाट पाहत राहणे भाग पडले.

अशा स्थितीत सोलापुराहून वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. वाचकहो, मुलगा परमुलखी असता बाप जावा, आणि मुलास अंत्यदर्शनही घडू नये, हे दुःख केवढे! घरी परतण्याचा विचार मनात यावा अशीच ती वेळ होती, आणि कोणी त्यांस दोष दिला नसता. तरीही ते पथकाबरोबर राहिले. फेब्रुवारी १९३९ मध्ये सर्व जण येनानला पोहोचले.

तेथे खरे काम सुरू झाले. आजाऱ्याचे दुखणे त्याच्या तोंडून समजून घ्यावयाचे तर त्याची बोली यावयास हवी, म्हणून कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास नेटाने केला. पुढे ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांस वैद्यकी शिकवू लागले. चीन या अर्थाचे ‘ह्वा’ हे अक्षर आपल्या नावास जोडून त्यांनी ‘के तिह्वा’ हे नाव धारण केले. १९४० पर्यंत तिघे सोबती स्वदेशी परतले. बसू व कोटणीस मागे राहिले. त्याच वर्षीच्या एका लढाईत त्यांनी तीन दिवस झोप न घेता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात.

कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून हे एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. चिनी जखमींची सेवा करीत असता, शस्त्रक्रियेत बोट कापून रक्त विषारी झाल्याने ते १९३९ साली मरण पावले. त्यांच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी कुओ चिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिन्ह्वा, म्हणजे भारत व चीन. त्यानंतर चार महिनेही लोटले नाहीत, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ह्या सेवकाचा अंत झाला. वय अवघे बत्तीस वर्षे.

कोटणीस आपल्या विश्वासाचे नव्हते. अखेरच्या वर्षी त्यांनी साम्यवादी पक्षाचा स्वीकार केला होता, हे आम्ही लपवीत नाही. परंतु प्रभूने शेजारी कोण हे शिकविताना परक्या शोमरोन्याचाच दाखला पुढे ठेविला, हे स्मरणात असू द्या.

ह्या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो. परमुलखातील पहिले दिवस बहुधा निष्फळ वाटतात. काम हाती येत नाही, बोली कळत नाही, घरून वाईट वार्ता येते. तेवढ्यावरून आपणांस येथे बोलावणे नव्हतेच, असा निर्णय कोणी करू नये. भाषा शिकावी, लोकांचे व्हावे, आणि काम येईपर्यंत धीर धरावा. आणि मंडळ्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. दूर गेलेल्या मुलास पहिल्या महिन्यातच निरोप धाडा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि कोणी परका कामकरी किंवा नवा उपदेशक आपल्या गावी उतरला, तर पहिल्याच दिवशी त्यास आपल्या घरी भाकरीला बोलवा.