गायनाचार्य भास्करबुवा बखले

गुजराथेंतील कठोर गांवीं १८६९ सालीं जन्मलेले भास्करबुवा लहानपणींच किर्लोस्कर नाटक मंडळींत गाऊं लागले. पुढें वयपरत्वें आवाज फुटला व रंगभूमि सुटली. आवाज फुटतांच प्रार्थनेच्या वेळीं मागल्या बांकावर तोंड मिटून बसणारे मुलगे चांदूर बाजारांत आम्ही नेहमीं पाहतों. बुवांचें दुःख त्यांस कळेल! बुवांनीं मात्र फैजमहंमदखां, नथ्थनखां व अल्लादियाखां यांच्या पायांशीं बसून वर्षानुवर्षें गायनविद्या संपादिली. १९११ सालीं पुण्यास गायनशाळा काढली. तोच भारत गायन समाज होय. सुटलेल्या रंगभूमीकडे ते परतले, ते गुरु होऊन. बालगंधर्वांस त्यांनीं गाणें शिकविलें व १९१६ सालीं ‘स्वयंवर’ नाटकांतील पदांस चाली दिल्या. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १९२२ सालीं, ते निवर्तले.