विश्लेषण : देशाच्या उद्योग परिषदेचं कार्यालय अमरावतीत होतं! उद्योगासाठी भांडवल शोधणारे मुधोळकर कोण होते?

अमरावती-अकोल्यात स्टार्टअप सुरू करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. कल्पना इथली, माणसं इथली, पण पैशासाठी बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरावी लागते. ही तक्रार आजची नाही. सुमारे १२० वर्षांपूर्वी अमरावतीतल्या एका वकिलाने हाच प्रश्न देशासमोर मांडला. उद्योग आणि भांडवल यांची गाठ घालून देण्यासाठी अखिल भारतीय परिषद उभी राहिली, तेव्हा तिचं कार्यालयही अमरावतीत होतं. हे वकील म्हणजे रावबहादूर आर. एन. मुधोळकर. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ते एका ओळीपुरते माहीत असतात : १९१२, बांकीपूर, काँग्रेसचे अध्यक्ष.

धुळ्यातून वऱ्हाडात

मुधोळकरांचा जन्म १६ मे १८५७ रोजी धुळ्यात, मध्यमवर्गीय घरात झाला. (नोंदींमध्ये त्यांचं नाव कुठे रघुनाथ, तर कुठे रंगनाथ असं आढळतं.) शिक्षण काही धुळ्यात, काही वऱ्हाडात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. तिथेच काही काळ ते फेलो होते. कायद्याची परीक्षा देऊन ते वऱ्हाडात परतले आणि अमरावतीच्या आघाडीच्या वकिलांमध्ये गणले जाऊ लागले. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या वऱ्हाड सार्वजनिक सभेत ते होते, १८८८ पासून काँग्रेसमध्ये. १८९० मध्ये इंग्लंडला गेलेल्या काँग्रेसच्या शिष्टमंडळात सुरेंद्रनाथ बॅनर्जी, ह्यूम यांच्यासोबत मुधोळकरही होते.

वऱ्हाडात पैसा नव्हता का?

होता, आणि भरपूर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी सुरू होती. तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारांची नावं मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना पाठ झाली. मग हा पैसा कारखान्यात का गेला नाही?

याचं उत्तर हिशेबात आहे. वऱ्हाडात रयतवारी होती. शेतजमीन विकता येत होती, गहाण ठेवता येत होती. त्यामुळे सावकाराला जमिनीइतकं पक्कं तारण दुसरं नव्हतं. कापसाच्या व्यापारात टाकलेला पैसा दिवाळीनंतरच्या हंगामात फिरून उन्हाळ्यापर्यंत हातात यायचा. हंगामापुरतं चालणारं जिनिंग-प्रेसिंगही याच हिशेबात बसायचं, म्हणून स्थानिक पैसा तिथपर्यंत आला. सूतगिरणीची गोष्ट वेगळी. आधी जागा, मग इमारत, मग विलायतेहून यंत्रं, मग कामगारांना शिकवणं. दोन-तीन वर्षं पैसा नुसता जातच राहतो.

शेजारच्या नागपुरात जमशेटजी टाटांनी याचा अनुभव घेतला होता. त्यांच्या कंपनीची नोंदणी १८७४ मध्ये झाली, भांडवल १५ लाख रुपये. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. ती पुढे एम्प्रेस मिल म्हणून ओळखली गेली. गिरणीसाठी घेतलेली पाणथळ जागा भर टाकून बुजवावी लागत होती. जमिनीत माती टाकायला पैसे मागणाऱ्या या माणसाला एका स्थानिक सावकाराने साफ नकार दिला. पुढे गिरणीचा नफा पाहून, टाटांनी मातीतून सोनं काढल्याचं त्यानेच मान्य केलं, असं टाटांच्या चरित्रात नोंदलं आहे. सावकाराला हसण्याचं मात्र कारण नाही. त्याच्याकडे ना गिरणीचा हिशेब तपासायचं साधन होतं, ना शेअर विकून बाहेर पडायची सोय.

टाटांच्या मागे मुंबई होती. अमरावतीतल्या नवख्या माणसामागे कोण?

पैशाआधी माहिती

मुधोळकर रानडे-गोखल्यांच्या विचारांचे. पुण्यात रानड्यांनी १८९० मध्येच औद्योगिक परिषद भरवली होती. मुधोळकरांनी तीच वाट देशपातळीवर नेली. डिसेंबर १९०५ मध्ये बनारसला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हा पहिली भारतीय औद्योगिक परिषद भरली. अध्यक्ष होते रमेशचंद्र दत्त. सरचिटणीसपद मुधोळकरांकडे आलं आणि परिषदेचं कामकाज अमरावतीतून चालू लागलं.

मुंबई किंवा कलकत्ता सोडून हे कार्यालय अमरावतीत असावं, यामागे मोठी योजना शोधण्याची गरज नाही. काम करणारा माणूस तिथे राहत होता. दरवर्षी काँग्रेस जिथे भरेल तिथे परिषद भरायची. साखर, काच, तेल, हातमाग, बँका अशा विषयांवर निबंध वाचले जायचे. मग त्यांचे जाडजूड अहवाल अमरावतीतून निघायचे. देशी माल कुठे बनतो, कोण बनवतो याची सूचीही परिषदेने काढली. आज हे काम वेबसाइट करते. तेव्हा पोस्टकार्डं आणि छापखाना होता.

स्वदेशीच्या लाटेत लोक पैसे द्यायला तयार होते, हे लवकरच दिसलं. ऑगस्ट १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे शेअर विक्रीला आले. लंडनमध्ये भांडवल मिळालं नव्हतं. इथे तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी ते उभं केलं. पुढच्या खर्चाचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. दुसऱ्या टोकाला अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड होता. माणशी एक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. क्राउडफंडिंग हा शब्द आपल्याकडे येण्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

पण एकीकडे टाटांचं नाव होतं, दुसरीकडे टिळकांच्या चळवळीचा पाठिंबा. या दोन्हींच्या मधला, ५०-६० हजारांचा कारखाना काढू पाहणारा गावातला माणूस मोकळाच राहिला. मुधोळकरांची परिषद त्याला माहिती देऊ शकत होती, पैसा नाही. ठराव आणि अहवाल भरपूर, त्यामानाने कारखाने कमी, ही परिषदेची खरी मर्यादा होती. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस फुटल्यावर अडचण वाढली. मुधोळकर नेमस्तांकडे आणि अमरावतीचेच दादासाहेब खापर्डे टिळकांसोबत. एका शहरातले दोन मोठे वकील दोन तंबूंत गेले.

१९१३ : बँका कोसळल्या

मुधोळकर केंद्रीय कायदेमंडळात वऱ्हाडच्या वतीने बसत होते, १९१२ मध्ये बांकीपूरला काँग्रेसचे अध्यक्षही झाले. पुढच्याच वर्षी स्वदेशी बँकांवर संकट आलं. लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक १९१३ मध्ये बुडाल्या. पीपल्स बँकेने लोकांच्या अल्प मुदतीच्या ठेवी उद्योगांत अडकवल्या होत्या. ठेवीदार दारात उभे राहिले, तेव्हा यंत्रं विकून पैसे देता येत नव्हते. या धक्क्याने जमिनीच्या तारणावर चालणाऱ्या सावकाराचं म्हणणंच खरं ठरल्यासारखं झालं.

वऱ्हाडात गिरण्या निघाल्याच नाहीत असं नाही. अकोल्याची सावतराम मिल सगळ्यांना माहीत आहे. तिचं पूर्ण नाव सावतराम रामप्रसाद, म्हणजे पेढीचं नावच गिरणीला. ओळख असेल तिथे पैसा गेला, अनोळखी माणसापर्यंत तो क्वचितच पोहोचला.

सरकारने १९१६ मध्ये सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला. १९१८ च्या अहवालात उद्योगांच्या अर्थपुरवठ्याचा आणि औद्योगिक बँकांचा विषय आला. मुधोळकर तोवर काँग्रेसपासून दूर गेले होते. १३ जानेवारी १९२१ रोजी त्यांचं निधन झालं. उद्योगांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारं भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ १९४८ मध्ये आलं. राज्य वित्त महामंडळांचा कायदा व्हायला १९५१ उजाडलं. परिषदेचे जुने अहवाल आजही मोठ्या ग्रंथालयांत सापडतात. प्रकाशनस्थळ म्हणून त्यांवर नाव आहे, अमरावती.