मिरवणुकीचा रस्ता लोकांनी ठरवला : पॅट्रिक गेडिस आणि इंदूरची दिवाळी

इंदूरच्या जुन्या दिवाळ्यांचा विषय निघाला की आम्हाला एका स्कॉटिश गृहस्थांची आठवण होते. पॅट्रिक गेडिस त्यांचे नाव. जन्म 1854 चा. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, डंडी येथे प्राध्यापक. एडिंबरोच्या पडक्या जुन्या वस्तीत ते सहकुटुंब राहायला गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून तिथली साफसफाई, रंगरंगोटी सुरू केली. 1914 साली नगररचनेच्या प्रदर्शनासाठी ते हिंदुस्थानात आले.

पुढे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्यांना इंदूरच्या नगररचनेसाठी बोलावले. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गेडिस गल्लीबोळ पायी हिंडत. (बँकेत कर्जाची फाईल वाचणे निराळे आणि दुकानात जाऊन माल पाहणे निराळे, हे आम्हीही अनुभवले आहे.) पण लोक त्यांना बघून बिचकत. हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, अशी कुजबुज चालली असल्याचे त्यांना कळले.

त्यांनी ते मनावर घेतले, पण बंदोबस्त मागितला नाही. एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागितला! मग जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागात जास्तीत जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त होतील, तिथून जाईल. झाले! मोहल्ल्यामोहल्ल्यांत चुरस लागली. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या, उंदीर पकडले गेले, भिंती रंगल्या.

मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भला मोठा उंदीर होता, आणि शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांना मिरवणुकीत मान मिळाला, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. शेवटी राक्षस जाळला आणि तुळशीची रोपे वाटली.

आता खरे सांगायचे तर निर्णय साहेबांचा आणि दरबाराचाच होता. लोकांच्या हाती एवढेच होते की मिरवणूक कुठून जावी. पण तेवढे मात्र खरोखर त्यांच्या हाती होते, आणि शहर हलले ते त्यामुळे.

1918 साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. खान आणि सरस्वती नद्यांचाही त्यात विचार आहे. पुढे मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. 1932 मध्ये फ्रान्समध्ये वारले.

आपल्यापैकी कुणाच्या घरी आजी-आजोबांकडून या मिरवणुकीची काही हकिगत आली असेल, तर मंडळाकडे जरूर पाठवावी.