तंबाखू, किरणे आणि डॉ. खानोलकर

मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतो. छातीचा फोटो काढायला आलेले लोक हमखास विचारतात की, या किरणांनी कॅन्सर तर होणार नाही ना. विचारणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गालात त्याच वेळी मावा असतो. अशा वेळी मला डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवतात. तंबाखू आणि किरणे, या दोन्हींचा धोका किती, हे शोधण्यात या मराठी डॉक्टरांनी आयुष्य घालवले.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ साली ते पॅथॉलॉजीत एम. डी. झाले आणि मायदेशी परतून मुंबईत शिकवू लागले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे तो क्वचितच होतो, असा तेव्हा समज होता. डॉक्टरांनी तो खोटा ठरवला. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तपासून ते थांबत नसत. रोगी कुठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, याचीही ते चौकशी करत. धोतर वर्षानुवर्षे घट्ट नेसल्याने कमरेवर होणारा कॅन्सर त्यांनी १९४५ साली जगापुढे मांडला. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५५ साली आकडेवारीने दाखवला. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषवले.

त्याच सुमारास बडी राष्ट्रे उघड्यावर अणुस्फोट करत होती. त्यांची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर देशोदेशी पसरे, गवतावर पडे आणि गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जाई. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने याच्या अभ्यासासाठी १५ देशांची शास्त्रीय समिती नेमली. तिच्यात भारताची बाजू डॉ. खानोलकरांनी सांभाळली. अणुस्फोटांच्या परिणामांवर भारत सरकारने १९५६ साली पुस्तक काढले, त्यात डॉ. कोठारींना डॉ. भाभांबरोबर त्यांचेही साहाय्य होते. समितीचा पहिला अहवाल १९५८ साली आला. निसर्गातून माणसाला किती किरणे मिळतात आणि माणूस त्यांत किती भर घालतो, याचा हिशेब जगापुढे आला. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी उघड्यावरचे स्फोट थांबवण्याचा करार केला.

तो हिशेब आपल्यालाही उपयोगी आहे. आकाश, जमीन, हवा आणि अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणे मिळतात. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ किंवा त्याहून कमी, म्हणजे निसर्गातून पंधरवड्यात मिळते तेवढीच. आपल्या जवळच्या काकरापारसारख्या अणुवीज केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टहून जास्त मात्रा मिळता कामा नये, अशी मर्यादा आहे. सीटी स्कॅनची मात्रा मात्र एक्स-रेच्या कितीतरी पट असते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो करू नये, आणि दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर बाईने आधीच सांगावे. किरणांना भिऊ नये, पण त्यांना गृहीतही धरू नये.

डॉक्टर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी गेले. धोका ऐकीव भीतीवर न ठरवता मोजून ठरवावा, हा त्यांच्या आयुष्याचा धडा. मीही ड्युटीवर छातीला बॅज लावतो. मला किती किरणे मिळाली, ते त्यावरून दर तीन महिन्यांनी मोजले जाते. माव्याच्या पुडीला असा बॅज नसतो. म्हणून फोटो काढून झाला की आता मीच रोग्याला विचारतो, मावा कधी सोडणार?