दारे बंद झाली, मैदाने उघडली!

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाले की एक वाद हमखास रंगतो. आपल्या गटाबाहेरचे सामने ठरवताना संघांनी बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी दोन हात करावेत, की दुबळ्या संघांना नमवून विजयांची बेरीज वाढवावी? आज या वादामागे कोट्यवधी डॉलरची उलाढाल आहे. त्याचे मूळ मात्र जुने आहे आणि ते नॉर्वेतून अमेरिकेत आलेल्या एका मुलाच्या आयुष्याशी जोडलेले आहे. त्याचे नाव नूट रॉकनी.

अमेरिकेतील फुटबॉल हा आपल्या परिचयाचा, पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा सहकाऱ्याकडे फेकत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीतील अखेरच्या रेषेपार न्यायचा, असा हा रांगडा खेळ. तेथील विद्यापीठांचे 'कॉन्फरन्स' या नावाने ओळखले जाणारे गट असतात. गटातील सामने गट ठरवतो. उरलेले सामने कोणाशी खेळायचे, हे ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचे. वादाची मेख आहे ती इथे. रॉकनी यांच्या नोटर डेम विद्यापीठाला तर कोणताच गट नव्हता. त्यामुळे त्यांचा प्रत्येक सामना हा गटाबाहेरचाच होता.

४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी रॉकनी यांचा जन्म झाला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले, त्या सुमारास हे कुटुंब तेथे येऊन स्थिरावले. शाळा सुटल्यावर रॉकनी यांनी शिकागोच्या टपाल खात्यात चार वर्षे नोकरी केली, पै पै साठवली आणि १९१० मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेले हे विद्यापीठ तेव्हा फारसे नावाजलेले नव्हते. रॉकनी स्वतः प्रॉटेस्टंट होते. रसायनशास्त्रात त्यांना उत्तम गती होती. पुढे ज्यांच्या संशोधनातून कृत्रिम रबराचा शोध साकारला, त्या फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते.

ते विद्यापीठात आले तेव्हा तेथील फुटबॉल संघापुढे वेगळेच संकट उभे होते. १९०९ मध्ये नोटर डेमने मिशिगनसारख्या दादा संघाला ११-३ असे हरवले. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद उकरला गेला आणि मिशिगनने सामना ऐनवेळी रद्द केला. त्यानंतर हे दोन संघ थेट १९४२ मध्ये समोरासमोर आले. मध्य-पश्चिमेतील मातब्बर विद्यापीठांच्या 'वेस्टर्न कॉन्फरन्स'नेही नोटर डेमला दाराबाहेरच ठेवले. शैक्षणिक दर्जा आणि पात्रतेचे नियम ही कारणे उघडपणे दिली जात. कॅथलिकांविषयीची अढीही त्यामागे होती. शेजारपाजारचे बडे संघ खेळेनात आणि छोट्या महाविद्यालयांना मोठ्या फरकाने हरवून ना नाव होत होते, ना तिजोरी भरत होती.

१९१३ मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या जेस हार्पर यांनी यातून वाट काढली. जवळचे खेळत नसतील तर दूरचे गाठायचे! त्यांनी पत्रे पाठवून वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, पेन स्टेट आणि टेक्सास यांच्याशी सामने ठरवले. त्या वर्षी रॉकनी संघाचे कर्णधार होते. उन्हाळ्याच्या सुटीत ओहायोतील सीडर पॉइंट या विहारस्थळी नोकरी करताना त्यांनी आणि सहकारी गस डोराइस यांनी किनाऱ्यावर चेंडू फेकण्या-झेलण्याचा कसून सराव केला होता. चेंडू पुढे फेकण्याची मुभा नियमांनी १९०६ मध्येच दिली होती. पण बहुतेक संघ या अस्त्राचा वापर क्वचितच करत. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंटच्या मैदानावर डोराइस यांच्या फेकीपुढे लष्कराचा संघ गोंधळून गेला आणि नोटर डेमने ३५-१३ असा विजय मिळवला. पेन स्टेट आणि टेक्सासही हरले. अननुभवी समजल्या जाणाऱ्या एका संघाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. घरच्या मैदानावर दुबळ्या संघांना कितीही वेळा हरवून ही कीर्ती मिळाली नसती, हा धडा रॉकनी यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

पदवीनंतर रसायनशास्त्र शिकवत त्यांनी हार्पर यांचे सहायक म्हणून काम केले आणि १९१८ मध्ये मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले. १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत संघ अपराजित राहिला. १९२०च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज गिप हा त्यांचा सर्वांत गुणी खेळाडू अवघ्या २५व्या वर्षी आजाराने दगावला. तो आघात पचवून रॉकनी यांनी नव्याने संघबांधणी केली. दरम्यान हार्पर यांची निकड रॉकनी यांनी धोरणात बदलली होती. न्यूयॉर्कमध्ये आर्मी, दक्षिणेत जॉर्जिया टेक, पश्चिमेकडे नेब्रास्का असे सामने ठरू लागले. खेळाडूंचे अनेक दिवस आगगाडीत जात. या संघाला वृत्तपत्रांनी भटक्यांचा संघ म्हणावे, इतकी ही भटकंती वाढली.

या धोरणाची किंमतही मोजावी लागली. १९२२ आणि १९२३ या लागोपाठच्या हंगामांत संघाला एकेकच पराभव पत्करावा लागला आणि दोन्ही वेळा पराभूत करणारा संघ नेब्रास्काचाच होता. सोपा प्रतिस्पर्धी निवडला असता तर हे डाग टळले असते. रॉकनी यांनी नेब्रास्काला वगळले नाही. १९२४ मध्ये त्याच संघाला त्यांनी ३४-६ असे नमवले. तो हंगाम त्यांच्या वेळापत्रकाचा उत्तम नमुना ठरावा. सुरुवातीला लोम्बार्ड आणि वॉबॅश ही छोटी महाविद्यालये. म्हणजे अंग मोकळे करून घेण्याची सोय. त्यानंतर मात्र आर्मी, प्रिन्स्टन, जॉर्जिया टेक, विस्कॉन्सिन, नेब्रास्का अशी उसंत न देणारी रांग. संघाने सर्व सामने जिंकले आणि १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डलाही २७-१० असे हरवले.

राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी तेव्हा आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ मध्ये गुणांकनाची पद्धत सुरू केली. तीत बलवान संघावरील विजयाला अधिक मोल होते आणि बलवान संघाकडून झालेला पराभवही अगदीच निष्फळ मानला जात नव्हता. रॉकनी यांनी या प्राध्यापकांना गाठून गणित १९२४ पर्यंत मागे नेण्यास राजी केले आणि त्या वर्षीचे विजेतेपद आपल्या संघाच्या नावावर नोंदवून घेतले. कठीण सामने खेळायचे, तर त्यांची कदर करणारी मोजपट्टीही हवी, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

१९२६ चा हंगाम त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोचरा ठरला. त्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी नवी मालिका सुरू होणार होती. हे सामने ठरण्यामागे दोन्हीकडच्या पत्नींची आगगाडीतील बातचीत होती, अशी आख्यायिका आहे. त्याच्या आठवडाभर आधी, २७ नोव्हेंबरला, पिट्सबर्ग येथे कार्नेगी टेकशी सामना होता. रॉकनी यांनी तो सहायकांवर सोपवला आणि स्वतः शिकागोत आर्मी-नेव्ही लढत पाहायला गेले. कार्नेगी टेकने नोटर डेमला १९-० अशी धूळ चारली. पुढच्याच आठवड्यात लॉस एंजेलिसला जाऊन संघाने दक्षिण कॅलिफोर्नियावर १३-१२ अशी मात केली. पण विजेतेपदाची संधी हातची गेली होती. घात बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने केला नव्हता. सोपा समजलेल्या प्रतिस्पर्ध्याने केला होता.

१९२७ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर याच दोन संघांची लढत पाहण्यासाठी एक लाखाहून अधिक प्रेक्षक लोटले. सामन्यांबरोबर पैसाही वाढत गेला आणि त्यासोबत टीकाही. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळांतील बाजारूपणावर कठोर बोट ठेवले. नोटर डेमचे धर्मगुरूही आपले विद्यापीठ फुटबॉलचा कारखाना म्हणून ओळखले जाईल की काय, या चिंतेत होते. देशभर फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी अभ्यास करायचा केव्हा, हा प्रश्न रास्त होता. १९२५च्या रोझ बोलनंतर विद्यापीठाने हंगामोत्तर सामन्यांचे दरवाजे १९६९च्या हंगामापर्यंत बंद ठेवले.

१९२८ मध्ये अनुभवी खेळाडू उरले नव्हते. वेळापत्रक मात्र तसेच खडतर होते. पाच विजय आणि चार पराभव ही रॉकनी यांची सर्वांत निकृष्ट कामगिरी. तरीही पुढच्या वर्षी त्यांनी सोपी वाट धरली नाही. नव्या स्टेडियमचे बांधकाम सुरू असल्याने १९२९ चे नऊही सामने घराबाहेर खेळावे लागले. पायातील रक्तवाहिनीच्या विकाराने ते स्वतः अंथरुणाला खिळले होते. कधी चाकाच्या खुर्चीतून मार्गदर्शन करत, कधी सहायकांवर भार टाकत त्यांनी नऊही सामने जिंकून दाखवले. १९३० मध्ये नव्या स्टेडियमसह दहापैकी दहा विजय मिळाले. अखेरच्या सामन्यात दक्षिण कॅलिफोर्नियाला त्यांच्याच गावी २७-० अशी धूळ चारली.

रॉकनी यांचा तो अखेरचा हंगाम ठरला. ३१ मार्च १९३१ रोजी लॉस एंजेलिसला जाताना त्यांचे विमान कॅन्ससमधील बझार गावाजवळ कोसळले आणि आठही जण मृत्युमुखी पडले. रॉकनी अवघे ४३ वर्षांचे होते. १३ हंगामांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी हा त्यांचा लेखाजोखा. नॉर्वेच्या राजाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. या अपघातानंतर लाकडी पंखांच्या विमानांवरचा विश्वास उडाला आणि हवाई सुरक्षेचे नियम कडक झाले.

त्यांच्या पश्चात तो जुना वाद अधिकच टोकदार झाला आहे. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने सर्व १३ सामने जिंकूनही त्या संघाला चार संघांच्या बाद फेरीत स्थान मिळाले नाही. २०२४ पासून ही फेरी १२ संघांची झाली. २०२५ मध्ये नोटर डेमने १२ पैकी १० सामने जिंकले. हरलेले दोन्ही सामने हंगामाच्या प्रारंभीच मायामी आणि टेक्सास ए अँड एम या तगड्या संघांशी झालेले, अनुक्रमे तीन आणि एका गुणाने गमावलेले. तरीही निवड समितीने त्या संघाला १२ जणांत घेतले नाही. मग कठीण सामने खेळायचे कशासाठी, असा सवाल प्रशिक्षक करतात तो यामुळेच.

त्याचे उत्तर रॉकनी यांच्या १२ पराभवांत शोधावे लागते. नेब्रास्काने दोनदा हरवले नसते तर १९२४ चा संघ घडला असता का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्यांनी हंगामाची सुरुवात सोप्या सामन्यांनी करण्यात कमीपणा मानला नाही. पण केवळ अशा विजयांवर आपली पत उभारली नाही. बलाढ्यांशी खेळण्याचा आग्रह संघांनी धरावाच. मात्र त्या आग्रहापोटी आलेल्या पराभवाला योग्य तोलात मोजण्याची जबाबदारी निवडकर्त्यांनीही उचलायला हवी. शंभर वर्षांपूर्वी एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला जे जमले, ते आजच्या समितीला जमू नये, असे काही नाही.