विल्ट चेंबरलेन : लाखाचा माणूस

प्लेसमेंटच्या दिवसांत हॉस्टेलवर एकच प्रश्न असतो, पॅकेज किती? तेव्हा विल्ट चेंबरलेन आठवावा.

१९३६ साली फिलाडेल्फियात जन्मलेला, सात फूट एक इंच उंचीचा हा बास्केटबॉलपटू. २ मार्च १९६२ ला पठ्ठ्याने एनबीएच्या एकाच मॅचमध्ये १०० पॉइंट्स ठोकले! त्या सीझनची सरासरी ५०.४. पण चॅम्पियन कोण? बॉस्टन!

जानेवारी १९६५ मध्ये वॉरियर्सने तीन खेळाडू आणि दीड लाख डॉलर घेऊन त्याला फिलाडेल्फियाच्या टीमला देऊन टाकलं. त्याच वर्षी त्याचा करार लाख डॉलरवर गेला. बॉस्टनच्या बिल रसेलने लगेच १,००,००१ डॉलर मागितले, आणि मिळवले!

पुढे कोच अॅलेक्स हॅनमने विल्टला स्वतः कमी मारायला आणि पास जास्त द्यायला लावलं. १९६६-६७ मध्ये सरासरी २४.१ वर उतरली आणि टीम चॅम्पियन झाली! १९७२ मध्ये लेकर्सकडून दुसरं विजेतेपद मिळालं.

१९९९ पासून एनबीएत एका खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विल्ट गेला. पॉइंट्स निम्म्याखाली आले तेव्हाच त्याची खरी किंमत कळली. ती कुठल्या पॅकेजमध्ये बसवणार?